जुन्या खुंटावर नवा डोळा

३ ऑगस्ट, रविवार

आज चाळीस बायांसमोर माझी शोभा झाली. काटोलकडच्या महिला शेतकरी गटाला संत्र्याची कलम कशी बांधायची ते लॅपटॉपवरून शिकवायचं होतं. समोर कुंडीत जंभेरीचा खुंट, ज्यावर कलम बांधायची तो, हातात चाकू. सालीला चीर दिली, संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायला बोटं पुढे केली आणि लॅपटॉप अडकला. मी इकडे बोलतेच आहे आणि तिकडे बायांना दिसत होती ती चाकू उगारून तोंड उघडं ठेवलेली शकुंतला. पाच मिनिटं. एकीनं म्हणे विचारलं, "मावशीले काही झालं का?"

गट चालवणारी दामिनी गुणाची मुलगी आहे. तिनं नंतर फोन केला. "मावशी, तुमचा हात चांगला हाय, मशीन चांगली नाही. चोवीस तारखेले आणखी एक बार करू. जमलं तं थंडीभर दर रविवारी तुमचाच वर्ग. नाही जमलं तं बाया म्हणून राहिल्या का दुसरं कोणी पाहू."

तीस वर्षं सौंसरच्या या रोपवाटिकेत कलमा बांधते आहे. शिकवायला मात्र कुणी पहिल्यांदाच बोलावलं. मला हा वर्ग हवा आहे. इथे लिहायला हरकत नाही, फार हवा आहे.

पोराला, वैभवला, यातलं काही सांगायचं नाही, असं ह्यांना बजावून ठेवलं आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

लॅपटॉप सुरू व्हायला साडेनऊ मिनिटं लागतात. आज घड्याळ लावून पाहिलं. तेवढ्यात वांगी चिरून फोडणीला पडली आणि झाकणही ठेवून झालं.

इथल्या दुकानात दाखवला. दुकानदारानं हातही लावला नाही. "मावशी, आठ वर्षं जुना हाय. नवीनच घ्या." मी म्हटलं, माझ्या रोपवाटिकेतला खुंट म्हातारा झाला म्हणून मी उपटत नाही. तो हसला. मला हसायला येत नव्हतं.

लॅपटॉप वैभवचा, कॉलेजातला. नोकरी लागून तो पुण्याला गेला तेव्हा हा माझ्याकडे आला. एप्रिलच्या शेवटी, अखातीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरगा घरी आला होता. पाहुण्यांसमोर मी कलमांचे फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवायला गेले, जमेना, आणि त्यानं लॅपटॉप माझ्या हातातून ओढून घेतला. म्हणाला, "सोड आई, तुझ्यानं नाही होत." सगळे हसले. मी पण हसले. रात्री त्याला सांगितलं की यापुढे या डब्याबद्दल तुला एक शब्द विचारणार नाही. जूनमध्ये त्यानं नवा कोरा लॅपटॉप पाठवला, मी खोकं न फोडता परत केलं. अखातीपासून तो फोन करतो तो बाबांनाच. मी मागून विचारते, जेवला का म्हणावं. तोही तिकडून विचारतो, आई जेवली का. दोघंही जेवतो आहोत, एवढं दोघांना माहीत आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस फोनवर व्हिडिओ पाहते आहे. आता मला लॅपटॉपच्या पोटातलं कळतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि एक काटा तिच्यावर शोधत बसतो. नव्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, म्हणून ती झटकन उठते. ती एक बदलली की जुना लॅपटॉपही पळायला लागतो, असं सगळे सांगतात. कोणती घ्यायची यावर मात्र कुणाही दोघांचं एकमत नाही. एक म्हणतो वेग बघा, एक म्हणतो वॉरंटी बघा, एक नुसताच ओरडतो.

मी वेगवाली घेणार. खोक्यावर वेग सात हजार लिहिलेला असतो ती. कमीचं कशाला घ्यायचं.

आमचे हे, नत्थूजी, पलंगावर पडून ऐकत होते. एकदम म्हणाले, "पांढुर्ण्याले एक पोरगा हाय. अक्षय. त्याच्याकडं जाय. पुलाकडच्या रस्त्यावर दुकान हाय त्याचं." ज्यांना आपला चष्मा कपाळावर आहे हे माहीत नसतं, त्यांना पांढुर्ण्यातलं संगणकाचं दुकान कसं माहीत, कोण जाणे. विचारलं तर म्हणाले, बाजारात ऐकलं.

११ ऑगस्ट, सोमवार

पांढुर्ण्याला जाऊन आले. बसमध्ये लॅपटॉप मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते, कंडक्टर म्हणाला, "मावशी, पळून नाही जात तो."

अक्षय तिशीतला, दाढीवाला, शांत. नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "सौंसरच्या शकुंतलाकाकू का? बसा ना काकू." चहा मागवला, तोही बिनसाखरेचा. मी सांगितलंही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर साखर दिसायला लागली की काय. लॅपटॉप हातात घेतला आणि उघडायच्या आधीच म्हणाला, "याची उजवी बिजागरी ढिली असन, सांभाळून उघडतो." खरंच ढिली आहे. याला म्हणतात अनुभव.

मग टेबलावर तीन पट्ट्या ठेवल्या. मला वाटलं होतं एसएसडी म्हणजे डबी असेल, या तर च्युइंगमच्या पट्टीएवढ्या, एका टोकाला सोनेरी दात. "काकू, तुम्हीच सांगा कोणती लावायची. मी काही बोलत नाही." असा दुकानदार मी पाहिला नाही.

मी आधी वेगवाली उचलली. मग हात थांबला. म्हटलं, "खुंट दाखव."

"काय?"

"ही जिथं बसणार ती जागा."

त्यानं मागचं झाकण काढून दाखवलं. एक रिकामी खाच होती. मी विचारलं, ही खाच कोणत्या काळची, कोणती पट्टी ओळखते. तो म्हणाला, जुनी आहे, साटा नावाची जुनी पद्धत तेवढी ओळखते. वेगवाली नव्या पद्धतीची, तिच्या सोनेरी दातांत एक फट. बाकी दोघींच्या दातांत दोन फटी, त्या जुन्या पद्धतीच्या. झालं, मला कळलं. पेन्सिलीएवढ्या खुंटावर अंगठ्याएवढी डोळकाडी कुणी बांधत नाही, डोळा कितीही जातिवंत असला तरी. सात हजार वेगाची परत ठेवली.

उरल्या दोन. एक स्वस्त, एकशे अठ्ठावीस जीबीची, वर्षाची वॉरंटी. दुसरी पाचशे बाराची, पाच वर्षांची. मी विचारलं, गच्च भरली तर मंदावते का. तो म्हणाला, "हो काकू, थोडी जागा मोकळी पायजे तिले." मग प्रश्नच नव्हता. मुळांना जागा ठेवली नाही तर झाड खुजं राहतं, हे मी चाळीस बायांना सांगणार आणि स्वतः कोंदट कुंडी घेणार का? पाचशे बारा उचलली.

अक्षयचा चेहरा असा फुलला की जणू त्याचाच दहावीचा निकाल लागला. लगेच बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला. आत येऊन म्हणाला, ही दुसऱ्या गिऱ्हाइकाची आहे, तुमची मागवतो, पोळ्याच्या आत येईल. भावात मी चांगलंच घासलं, गडी एकदाही कुरकुरला नाही. धंदा शिकायचा आहे अजून त्याला. परतीच्या बसमध्ये मी खूश होते. वैभवला हे जमलं नसतं. त्यानं डोळे मिटून महागातली घेतली असती.

१६ ऑगस्ट, शनिवार

अक्षयला फोन केला. "निघाला हाय काकू माल पुण्याहून." मग खोकला आणि म्हणाला, "नागपूरहून." दिवसभर इतक्या गावांचा माल येतो, पोराच्या डोक्यात गोंधळ होणारच.

सरावासाठी ह्यांना समोर बसवलं आणि सगळा धडा म्हणून दाखवला. म्हटलं, तुम्ही बाई आहात असं समजा आणि प्रश्न विचारा. हे म्हणाले, "सैपाक झाला का?"

१९ ऑगस्ट, मंगळवार

नाही आली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आली! दुपारच्या बसनं, कंडक्टरच्या हाती. खाकी पाकिटात पट्टी, एक चिमुकला स्क्रू कागदाला चिकटवलेला, विंडोज भरलेला पेनड्राइव्ह, बारीक पेचकस आणि काय कुठे जोडायचं त्याची चिठ्ठी, चित्रांसकट. अक्षय स्वतः बसवून देणार होता, पण पोळा आणि दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक, दोन दिवस त्याच्या रस्त्यावर शटर वर जात नाही. रविवारी सकाळी माझा वर्ग. म्हणजे मीच बसवायची. डोळे बसवण्यात जन्म गेला, हा एक आणखी.

आज खांदशेकणी, बैलांचे खांदे चोळायचा पोळ्याआधीचा दिवस. आमची बैलजोडी तीन वर्षांपूर्वी विकली, पण ह्यांनी रीत सोडलेली नाही. घरात जे जे राबतं त्याचे खांदे हे हळद-तुपानं चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. कोळपणीच्या डवऱ्याला लावलं, फवारणीच्या पंपाला लावलं, मोटारीच्या हँडलला लावलं. मी पुरणाची डाळ निवडत होते. हे देवापुढून पट्टीचं पाकीट घेऊन आले.

"याचा खांदा कोणता वं?"

"तो सोनेरी दातांचा भाग," मी मान वर न करता म्हटलं. "तिथूनच ती जोडली जाते."

"म्हंजे जू तिथंच बसते," म्हणाले आणि समाधानानं गेले. ह्यांना शिकायची आवड लागली, हे या वयात चांगलंच आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

आज कुठल्याच औजाराला काम नाही, पेचकसही औजारच. लॅपटॉपजवळ पुरणपोळी ठेवून हे मोकळे झाले. मी चिठ्ठी सात वेळा वाचली.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ओसरीवर चादर अंथरली, स्क्रू वाट्यांमध्ये क्रमानं ठेवले. बॅटरीची तार आधी सोडवली, पट्टी तिरकी सरकवली, दाबली, स्क्रू लावला. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं. विंडोज कुठे टाकायचं असं विचारणारा पडदा आला आणि त्यावर एकच नाव होतं, जुनी हार्ड डिस्क. नवी पट्टी दिसेना. परत काढली, परत लावली. नाही. पाच वेळा केलं. जुन्यावरच टाक असं एकदा मनात आलं, पण त्यात तीस वर्षांच्या कलमांचे फोटो आणि वैभवचं सगळं कॉलेज आहे. बोट मागे घेतलं.

अक्षयला फोन लावला. मागे ढोल, आरडाओरडा. पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहिले की फोनमध्ये काय ऐकू येणार. तो ओरडून म्हणाला, "काकू, पूल बंद हाय, काही ऐकू येऊन नाही राहिलं. वैभवले लावा फोन. त्याले पुरं मालूम हाय." वैभवचं नाव मी कधीतरी बोलले असणार.

अर्धा तास ओसरीवर बसून राहिले. उद्याचा वर्ग गेला तर थंडीभर दर रविवारी मी आपली इथेच बसेन, कुणीतरी दुसरं शिकवेल आणि डोळा उलटा बांधायला सांगेल. आणि फोन केला तर वैभव म्हणेल, बघ, तुझ्यानं नाही होत. खरं सांगायचं तर मला वर्ग जाण्याची भीती कमी होती आणि ते वाक्य पुन्हा ऐकायची जास्त. हे पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते. शेवटी लावला.

पहिली घंटी पुरी वाजलीही नाही. "आई?"

चार महिन्यांत पहिल्यांदा मला आई म्हणाला, मधे बाबा नव्हते. मी मनात बरीच वाक्यं जुळवली होती. तोंडून निघालं, "पट्टी दिसून नाही राहिली."

"मी हाय ना. व्हिडिओ लाव. काढ ती बाहेर, अन् कॅमेऱ्याजवळ धर."

धरली. त्यानं नाक पडद्याजवळ आणलं. मग म्हणाला, "आई, त्या सोनेरी भागावर पिवळं काय हाय?"

मी चष्मा लावला. सोन्यावर सोनं, म्हणून मला दिसलं नव्हतं. बोटानं पाहिलं, ओशट. वास घेतला. साजूक तूप. मी पायरीकडे वळून बघितलं तर हे उठून जायच्या बेतात.

"खांदा तोच म्हणाली ना तू," हे म्हणाले. "म्या पाकीट खोलून चांगलं चोळलं. उद्यापासून राबणार हाय म्हटलं."

आणि तिकडे वैभव हसायला लागला. आधी दाबून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मला ह्यांचा राग यायला हवा होता. पण मीही हसत सुटले, त्यामुळे हे आणखीच गोंधळले. चीर दिल्यावर तिला तेलाचं बोट लागलं तर डोळा मरतो, हे मी जगाला सांगत फिरते आणि माझ्याच घरात हा प्रकार.

"स्पिरिट हाय का घरी?" वैभवनं विचारलं.

"चाकू पुसायचं हाय."

"तेच पायजे. कापसानं पूस. मंग खोडरबर फिरव हळूच."

कलमांच्या पाट्यांवर नावं लिहायच्या पेन्सिलीमागे खोडरबर होताच. पुसली, घासली, फुंकर न मारता वाळू दिली. पुन्हा तिरकी सरकवली आणि दाबली. वैभव बघत होता. म्हणाला, "आई, मी हे काम करतो तं माझ्या हातून स्क्रू दोन बार खाली पडतो. तुझा हात भारी हाय." मग थांबून म्हणाला, "अखातीले मी जे बोललो..."

"पहिले पट्टी दिसू दे," मी म्हटलं. मला तेव्हा रडायचं नव्हतं, स्क्रू बारीक असतात.

पडद्यावर आता दोन नावं. तो म्हणाला, जुन्याला हात लावू नको, नव्यावर टाक. दोन तास तो फोनवर होता. मधे त्यानं तिकडे जेवण केलं, मी इकडे केलं, दोघांनी एकमेकांच्या ताटात काय आहे ते बघितलं.

दुपारी बंद करून परत सुरू केला. चौदा सेकंद. तीन वेळा मोजलं. हे म्हणाले, "तुपाचा गुण हाय."

२४ ऑगस्ट, रविवार

झाला वर्ग. पावणेदोन तास, एकदाही अडकला नाही. एकीकडे फोटो, एकीकडे माझे हात, दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या होत्या. सत्तावन्न बाया होत्या आणि एक चौकोन शेवटपर्यंत काळाच, खाली नुसतं 'व्ही' लिहिलेलं. दामिनी म्हणाली, पाहुणं असेल कुणी.

एका मुलीनं विचारलं, डोळा लागला का हे मधेच सोडून बघावं का. मी म्हटलं, बाई, तो धीर धरता आला पाहिजे. बांधून ठेव आणि एकवीस दिवस त्याच्या नादी लागू नको. सारखं उघडून बघितलं तर लागणारा डोळाही वाळतो. नंतर बांधलेली पट्टी सोड. हिरवा असला तर तो आतल्या आत कधीचाच जुळलेला असतो, फक्त तुला माहीत नसतं.

वर्ग नक्की झाला, थंडीभर, दर रविवारी. संध्याकाळी वैभवचा फोन आला, सरळ माझ्याच फोनवर. म्हणाला, त्या मुलीला उत्तर छान दिलं. बाबांनी सांगितलं असणार त्याला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज बसनं अक्षयकडून एक लखोटा आला. वॉरंटीचे कागद, काकू जपून ठेवा, असं वर लिहिलं होतं. जपून ठेवण्याआधी वाचले.

बिल पुण्याच्या दुकानाचं आहे. नाव वैभवचं. माझ्याच पट्टीचा नंबर, पाचशे बारा, साटा, दोन फटी, पाच वर्षं. तारीख सहा ऑगस्ट. मी अक्षयच्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला अकराला.

बिल मांडीवर ठेवून एकेक आठवत गेले. बिनसाखरेचा चहा, ढिली बिजागरी, पुण्याहून निघालेला माल, तो काळा चौकोन. बाजारात ऐकलं म्हणणारे आमचे हे. मला पहिल्यांदा लाज वाटली, मग रागही आला, आणि मग एक गोष्ट लक्षात आली. त्यानं माझ्यासाठी ती आधीच घेऊन ठेवली होती आणि तरी अक्षयला, त्याच्याच दोस्ताला, सांगितलं असणार की तिन्ही समोर ठेव, बोलू नको, आईला निवडू दे. आणि मी तीच उचलली. फोन करायला अक्षय बाहेर का धावला, ते आज कळलं. पुण्यात बसलेला माझा पोरगा तेव्हा कसा दिसत असेल, ते मला बघायला हवं होतं.

कागद कपाटात ठेवले आहेत, साड्यांखाली. ह्यांना काही बोलले नाही, अक्षयला मिळाले एवढंच कळवलं.

उद्या वैभवला फोन करणार आहे. विचारणार आहे, अरे, ते एका पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी कशा उघडायच्या, मला काही जमून नाही राहिलं. सावकाश सांग म्हणणार आहे. मला येतं ते.